कोई आजारी पडला की औषधाची बाटली काढू नका, आधी पाणी तपासा



मागच्या व्हिडिओत आपण ॲक्वेरियमच्या दुकानाचं भांडवल बघितलं. तेव्हापासून मला एकच प्रश्न सारखा येतोय. "सर, माशांच्या औषधावर मार्जिन किती सुटतं?" खरं सांगायचं तर चांगलं सुटतं. खाद्यापेक्षा जास्त, आणि माशांपेक्षा तर नक्कीच जास्त, कारण बाटली काही दुकानात मरत नाही. पण आज मी तुम्हाला उलटं सांगणार आहे. गिऱ्हाईक दारात येऊन "औषध द्या" म्हणालं तरी ७-८ वेळा बाटली शेल्फवरच राहू द्या. दहापैकी म्हणतोय मी. हे काही पुस्तकातून आलेलं नाही, माझ्या स्वतःच्या नुकसानीतून आलंय.

आपल्या हिंगोलीत आता घरासमोर हौद बांधून कोई सोडायची हौस वाढली आहे. हळदीला भाव मिळाला की बंगला होतो, बंगला झाला की समोर छोटं कारंजं आणि त्यात लाल-पांढरे मासे. काहीजण वास्तूसाठी ठेवतात, काहीजण नातवंडांसाठी. आपल्याला काय, धंदा आहे. मीही सुरुवातीला असंच म्हणायचो.

दुकानाचं पहिलं वर्ष, मे महिना. एक काका सकाळीच आले. हळदीचे व्यापारी, माझ्याकडूनच १४ कोई घेतलेले. म्हणाले, "भाऊ, मासे वर येऊन तोंड उघडतायत, पंख लाल झालेत. भारीतलं औषध दे, पैशाचं बघू नको." मी काही विचारलंच नाही. निळं औषध दिलं, म्हणजे मिथिलीन ब्लू. दुसऱ्या दिवशी फोन आला, ३ गेले. मी अँटिबायोटिकची पुडी पाठवली. चौथ्या दिवशी ९ मासे गेलेले होते. तेव्हा कुठे मी गाडी काढून त्यांच्या घरी गेलो.

हौदाजवळ त्यांचा गडी उभा होता. त्याला विचारलं, फिल्टर कधी साफ केला होता? म्हणाला, "सोयरे येणार होते ना, म्हणून आदल्या दिवशी सगळा स्पंज आणि दगडं काढून निरम्यानं चकाचक धुतली, उन्हात वाळवून परत टाकली." झालं. माशांना रोग नव्हताच. फिल्टरमधल्या दगडांवर, स्पंजवर जे जिवाणू राहतात तेच माशांच्या लघवीतला, कल्ल्यातून बाहेर पडणारा अमोनिया खातात. ते सगळे एका दिवसात धुवून टाकले होते. पाण्यात अमोनिया साचला, त्यानं कल्ले भाजले, मासे वर आले. आणि मी वरून काय दिलं? मिथिलीन ब्लू, जे उरलेसुरले जिवाणूही मारतं. म्हणजे आग लागलेली असताना मी रॉकेल विकलं, आणि वर त्याचं बिलही घेतलं. ३४० रुपये.

काकांनी पैसे परत मागितले नाहीत. भांडलेही नाहीत. फक्त परत कधी आले नाहीत. आणि हिंगोलीसारख्या गावात एक माणूस परत येत नाही म्हणजे त्याचे पाहुणे, मोंढ्यातले त्याचे ओळखीचे, कुणीच येत नाही. बीबीएला आम्हाला मार्जिन शिकवलं होतं, ही बाजू कुणी शिकवली नव्हती.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. ज्याला माशांचा धंदा करायचा आहे त्यानं पहिलं भांडवल औषधाच्या शेल्फात घालू नये, पाणी तपासायच्या किटमध्ये घालावं. अमोनिया, नायट्राइट आणि पीएच, एवढं मोजणारं थेंबांचं किट दोन-अडीच हजारांत बसतं. सोबत एक थर्मामीटर आणि ग्रॅममध्ये मोजणारा छोटा वजनकाटा. विद्यार्थ्यांचा साधा मायक्रोस्कोप चार-पाच हजारांत मिळतो, तो पुढे घ्या, पण घ्या.

आता गिऱ्हाईक आल्यावर काय विचारायचं ते बघा. मी आधी हे विचारतो: सगळे मासे एकदम आजारी पडले का एकेक करून? एका रात्रीत सगळ्या हौदाची तब्येत बिघडली तर जवळजवळ नेहमी पाण्याचाच दोष असतो. रोग असा एका तासात सगळ्यांना गाठत नाही. एकच मासा कोपऱ्यात बसलाय, बाकीचे खातायत, तर जखम किंवा रोगाचा संशय घ्या. आठ-दहा दिवसांत हळूहळू आकडा वाढतोय, अंग घासतायत, तर बहुतेक परजीवी.

दुसरा प्रश्न वेळेचा. पहाटे वर येऊन हापतात आणि दुपारपर्यंत बरे होतात, असं असेल तर ऑक्सिजन कमी पडतोय. रात्री शेवाळंही ऑक्सिजन ओढतं, त्यामुळे पहाटे तो सगळ्यात कमी असतो. त्यात आपला उन्हाळा. २० अंशांच्या पाण्यात लिटरमागे ९ मिलिग्रॅमच्या आसपास ऑक्सिजन मावतो, ३५ अंशांच्या पाण्यात ७ पर्यंतच. म्हणजे मे महिन्यात माशाला लागतो जास्त आणि पाण्यात असतो कमी. अशा वेळी मोठे मासे आधी जातात, छोटे टिकतात. गिऱ्हाईक म्हणतं, "माझा सगळ्यात भारी मासाच कसा गेला?" कुणाची नजर लागली म्हणतात. नजर नाही हो, एअर पंप लहान होता. किंवा लोडशेडिंगमध्ये तीन तास बंद होता.

तिसरा प्रश्न, गेल्या आठवडाभरात काय बदललं? नवीन मासा सोडला का, पाणी बदललं का, फिल्टर धुतला का, भिंतीला रंग दिला का, गवतावर फवारणी केली का? इथंच अर्धं निदान होतं. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, सरळ पाइप लावून अर्धा हौद भरला तर कल्ले जळतात. त्यासाठी हायपो, म्हणजे सोडियम थायोसल्फेटचे खडे, ते स्वस्त आहेत, दुकानात कायम ठेवा. बोअरच्या पाण्यात क्लोरीन नसतं म्हणून लोक निर्धास्त असतात, पण जमिनीखालून आलेल्या पाण्यात ऑक्सिजन फार कमी असू शकतो. ते उंचावरून, फवाऱ्यासारखं पाडून भरायला सांगा.

आणि नवीन सिमेंटचा हौद! याच्यावर मी एक वेगळा व्हिडिओ करणार आहे, एवढ्या तक्रारी आहेत. गवंडी हौद बांधून देतो, आठ दिवसांत मालक मासे आणायला हजर. ताज्या सिमेंटमधून चुना पाण्यात उतरतो आणि पीएच ९ च्या वर जातो. पाणी भरा, चार-पाच दिवस ठेवा, सोडून द्या, परत भरा, असं पुन्हा पुन्हा करून पीएच खाली येऊन स्थिर झाल्याशिवाय मासा विकू नका. हो, विकूच नका. गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानात जाईल? जाऊ द्या. मेलेला मासा त्या दुकानाच्या नावावर जाईल.

पीएच एवढा महत्त्वाचा का, तर अमोनियाचं विष त्याच्यावर ठरतं. ३० अंशांच्या पाण्यात पीएच ७ असेल तर एकूण अमोनियातला १ टक्क्याहूनही कमी भाग खरा विषारी असतो. तोच पीएच ८.५ झाला की विषारी भाग २० टक्क्यांच्या आसपास जातो. किटवरचा अमोनियाचा आकडा तोच, पण एका हौदात मासे खेळतायत आणि दुसऱ्यात मरतायत. शेवाळानं हिरव्यागार झालेल्या हौदात तर दुपारी पीएच आपोआप चढतो. म्हणून मी सकाळी आणि दुपारी चारला, असं दोनदा मोजतो.

बरं, पाणीच दोषी निघालं तर उपाय काय? खाद्य बंद. हे सगळ्यात अवघड, कारण घरातली आजी म्हणते, "लेकरं उपाशी राहतील." त्यांना शांतपणे सांगा, कोईला आपल्यासारखं जठरच नसतं, थोडंथोडं खाऊन जगणारा मासा आहे, चार दिवस नाही दिलं तर काही होत नाही. पोळीचे तुकडे आणि मुरमुरे तर कायमचेच बंद. मग जादा हवा सुरू करा, आणि पाव हिस्सा पाणी क्लोरीन काढलेल्या, त्याच तापमानाच्या पाण्यानं बदला. दुसऱ्या दिवशी परत मोजा, परत बदला. बस. यात बाटली कुठेच नाही, हे लक्षात घ्या.

एकच गोष्ट विका, खडा मीठ. तेही किराणा दुकानातून आणायला सांगितलं तरी चालेल. नायट्राइट वाढलं असेल तर मिठातलं क्लोराइड ते माशाच्या रक्तात जाण्यापासून अडवतं, आणि अंगावर पांढरे दाणे येणाऱ्या रोगातही मिठाचा उपयोग होतो. प्रमाण ०.३ टक्के, म्हणजे १००० लिटरला ३ किलो. पण एकदम ओतायचं नाही, दोन-तीन दिवसांत भाग करून, विरघळवून. आणि एक लक्षात ठेवा, मीठ उडून जात नाही. दर रविवारी मूठभर टाकणाऱ्याच्या हौदात वर्षभरात समुद्र होतो.

इथे सगळ्यात मोठी चूक होते ती हौदाच्या मापात. "साधारण दोन हजार लिटर असेल" असं गिऱ्हाईक सांगतं. टेप घेऊन जा. लांबी, रुंदी, पाण्याची खोली फुटांत मोजा, गुणा, आणि आलेल्या आकड्याला २८.३ नं गुणा. १० बाय ८ चा हौद, ३ फूट पाणी, म्हणजे २४० घनफूट, म्हणजे जवळपास ६८०० लिटर. त्याला ०.३ टक्क्यांसाठी मीठ लागेल २० किलोच्या वर. दोन हजार लिटर समजून ६ किलो टाकलं तर काहीच फरक पडणार नाही आणि गिऱ्हाईक म्हणेल, मिठानं काही होत नाही. उलटी चूक पोटॅशियम परमँगनेटमध्ये होते. ती जांभळी पावडर १००० लिटरला २ ग्रॅम असं मोजून टाकायची असते. लोक चमच्यानं, रंग बघून टाकतात. पीएच जास्त असलेल्या पाण्यात ती आणखी जहाल होते, कल्ले जाळून टाकते. म्हणून मी वजनकाटा सांगितला. ज्याच्याकडे ग्रॅमचा काटा नाही त्यानं ही पावडर विकायची नाही, असं माझं सरळ मत आहे. आणि फॉर्मलीनसोबत तर ती कधीच नाही.

पाणी चांगलं निघालं तरच रोगाकडे वळा. काही गोष्टी डोळ्यांनी दिसतात. अंगातून बाहेर आलेला दोऱ्यासारखा अँकर वर्म, चपटी बटणासारखी हिरवट उवा, मिठाचे कण शिंपडल्यासारखे पांढरे दाणे. दाण्यांच्या रोगाची गंमत अशी की माशाच्या कातडीखाली असताना त्याच्यावर कुठलंच औषध चालत नाही. तो पाण्यात सुटतो तेव्हाच मरतो. आपल्याकडच्या उबदार पाण्यात हे चक्र आठवड्याच्या आत फिरतं, म्हणून एकदा औषध टाकून "गेले दाणे" म्हणायचं नाही, दिवसाआड करत पुढे चालू ठेवायचं. उवांचंही तसंच, त्यांची अंडी दगडांना चिकटलेली राहतात आणि नंतर फुटतात. इथं काहीजण कृषी केंद्रातलं फवारणीचं औषध आणून अंदाजे टाकतात. कापसाच्या डोसानं मासा वाचत नाही.

पण कल्ल्यातले बारीक कृमी डोळ्यांना दिसत नाहीत. मासा अंग घासतो, पंख मिटून बसतो, एवढंच दिसतं. त्यासाठी मायक्रोस्कोप. माशाच्या अंगावरचा चिकट थर काचपट्टीनं हलकेच खरवडायचा, पाण्याचा एक थेंब, आणि १०० पटीत बघायचं. पहिल्या दहा वेळा काही कळत नाही, मलाही कळलं नाही. पण गिऱ्हाइकाला जेव्हा तुम्ही त्या काचेतून त्याच्याच माशावरचा हलणारा किडा दाखवता, तेव्हा तो पुन्हा कधी मोबाईलवर स्वस्त औषध शोधत नाही.

जखमा, म्हणजे अंगावर लाल खड्डे पडणं, हे बहुतेक जिवाणूंचं काम असतं आणि बहुतेक वेळा त्याच्या आधी खराब पाणी किंवा उवा असतातच. आपल्याकडे त्यावर हळद लावतात. हळदीच्या जिल्ह्यात राहून मी हळदीला नाव ठेवणार नाही, पण जखमेला हळद लावून मासा परत त्याच पाण्यात सोडला तर काय उपयोग? आणि अँटिबायोटिक मी आता विकत नाही. डॉक्टरांच्या चिठ्ठीची गोष्ट आहे ती. आपण दुकानदार आहोत. उदगीरला मत्स्य विज्ञान महाविद्यालय आहे, जिल्ह्याला पशुसंवर्धन आणि मत्स्यव्यवसाय खातं आहे, तिथल्या माणसांशी ओळख ठेवा. केंद्र सरकारचं 'रिपोर्ट फिश डिसीज' नावाचं ॲपही २०२३ पासून आहे. 'हे माझ्या आवाक्याबाहेर आहे' असं म्हणायला जीभ अडखळते, पण म्हणा.

आता पैशाचं. तुम्ही म्हणाल, सर, औषध विकायचं नाही तर खायचं काय? तपासणीचे पैसे घ्या. मी गावात ३०० रुपये घेतो, वसमत-कळमनुरीला पेट्रोल वेगळं. सुरुवातीला लोक हसले. "पाणी बघायचे पैसे?" एक मामा तर म्हणाले, "पाण्याचे पैसे घेतो, उद्या हवेचे घेशील." घेतोच ना, एअर पंप विकतो की. खरंच, तपासणीनंतर जे विकलं जातं ते बघा: योग्य मापाचा पंप, फिल्टरचं साहित्य, हायपो, सावलीची जाळी, महिन्याची देखभाल. यातला प्रत्येक माल गिऱ्हाइकाच्या खऱ्या गरजेचा असतो. माझ्या दुकानात आज औषधांपेक्षा देखभालीचं उत्पन्न जास्त आहे. पण तिथपर्यंत यायला मला दोन वर्षं लागली आणि मधला काळ तंगीचा होता, हेही सांगून टाकतो. व्हिडिओत सगळं झटपट दिसतं, तसं नसतं.

एक गोष्ट मात्र धंद्यापेक्षा मोठी आहे. कोई म्हणजे कोणी वेगळा परदेशी प्राणी नाही, तो रंगीत कार्प आहे. आपले शेतकरी शेततळ्यात कटला-रोहूसोबत जो सायप्रिनस सोडतात, त्याचाच सख्खा भाऊ. त्यामुळे कोईचा रोग खायच्या माशाला लागू शकतो. १९९८ मध्ये इस्रायलमध्ये कोई हर्पिस नावाच्या विषाणूनं कोई आणि खायचे कार्प दोन्ही मारले. कोईचं माहेर असलेल्या जपानमध्ये २००३ साली कासुमिगाउरा तलावात हजार टनांच्या आसपास कार्प मेले. या रोगावर औषध नाही. वाचलेला मासा निरोगी दिसतो आणि विषाणू घेऊन फिरतो. तो साधारण १८ ते २८ अंशांच्या पाण्यात जोर धरतो, म्हणजे आपल्याकडे उन्हाळ्यात दबून बसेल आणि दिवाळीनंतर डोकं काढेल, असा काळ. कार्प इडिमा नावाचा दुसरा विषाणू, ज्यात मासे तळाला झोपून राहतात, तो तर भारतातल्या कोईत सापडल्याची नोंद आहे.

आणि आपण काय करतो? मासा आजारी पडला, मारवत नाही, म्हणून "बिचारा जगेल" म्हणून कयाधूत सोडतो. विहिरीत सोडतो. पुण्य मिळतं म्हणे. कयाधूचं पाणी पुढे पैनगंगेला जातं. या नद्यांवर, येलदरी-सिद्धेश्वर-इसापूरच्या जलाशयांवर मासेमारी करून कितीतरी घरं चालतात. आपल्या एका गिऱ्हाइकाच्या दयेपायी त्यांच्या जाळ्यात काय जाईल, याचा विचार दुकानदारानंच करायचा आहे, कारण गिऱ्हाइकाला हे माहीतच नसतं. मी बिलावरच छापून घेतलंय: मासा नको झाला तर दुकानात आणून द्या, नदीत सोडू नका. मेलेला मासा चुना टाकून खोल पुरायचा. नाल्यात नाही, उकिरड्यावर नाही.

आणि स्वतःच्या दुकानात वेगळा टब. मुंबईच्या कुर्ल्याहून, कोलकात्याहून, चेन्नईहून, कुठूनही माल येवो, आल्या दिवशी विक्रीच्या टाकीत टाकायचा नाही. तीन-चार आठवडे वेगळा टब, वेगळी जाळी, वेगळी बादली. हो, पैसे अडकतात. मलाही दसऱ्याच्या तोंडावर दुकानात गिऱ्हाईक उभं असताना मागच्या खोलीतला माल "अजून विकायला नाही" असं सांगावं लागलंय. प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत घरामागच्या शोभिवंत माशांच्या युनिटसाठी ३ लाखांचा प्रकल्पखर्च धरलेला आहे, त्यावर सर्वसाधारण गटाला ४० टक्के आणि महिला, अनुसूचित जाती-जमातींना ६० टक्के अनुदान, अशी रचना आहे. त्याचे प्रोजेक्ट रिपोर्ट घेऊन पोरं माझ्याकडे येतात. शेड असतं, टाक्या असतात, बोर्डसुद्धा असतो. वेगळ्या टबाची आणि पाणी तपासायच्या किटची ओळ मला अजून फार थोड्या रिपोर्टात दिसली. अर्ज करण्याआधी यंदा योजना कोणत्या अटींवर चालू आहे ते मत्स्यव्यवसाय कार्यालयात जाऊन विचारा, आणि रिपोर्टमध्ये या दोन ओळी घाला.

ज्यांच्या हौदात आत्ता मासे वर आलेले आहेत त्यांच्यासाठी: खाद्य थांबवा, पंप वाढवा, बाटलीभर पाणी काठोकाठ भरून दुकानात आणा, आणि सोबत फिल्टर शेवटचा कधी धुतला ते घरच्या गड्याला विचारून या. मालकाला नाही, गड्याला. पुढच्या व्हिडिओत मायक्रोस्कोपखाली खरवड कशी बघायची ते दाखवतो.